गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट होत नाहीत

एका मुलाने मला लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २४, नागपूरच्या मिहानमध्ये आयटीची नोकरी, हातात ५२ हजार येतात. मनीषनगरला आईबाबांसोबत राहतो, अडीच लाख साठवलेत. एका डीलरकडे आठ वर्षं जुनी जर्मन सेडान आहे. दोन लिटर टर्बो पेट्रोल, मीटरवर ७८ हजार किलोमीटर, मागणी साडेनऊ लाख. ती घ्यायचीय. बाबा म्हणतात, नवी छोटी गाडी घे. आणि शेवटची ओळ: "बाबांना गाडीतलं काही कळत नाही, काका तुम्हीच सांगा."

कामठी रोडला माझं गॅरेज आहे, २७ वर्षं झाली. पहिली बारा-तेरा वर्षं छोट्या गाड्याच केल्या, नंतर गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर घेतला आणि महागड्या गाड्याही यायला लागल्या. आज माझ्या शेडमध्ये दोन्ही जातीच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, त्यामुळे दोघींची बिलं मी एकाच पेनाने लिहितो. उत्तर त्या बिलांवरून देतो.

आधी एक कबूल करतो. तू जी गाडी बघून आलास ती चालवायला काय असते ते मला माहीत आहे. काम झाल्यावर ट्रायल मारायला मीच नेतो ना. दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो भरला की पाठ सीटला चिकटते, आणि पन्नाशीच्या माणसालाही हसू येतं. म्हणून "काय ठेवलंय त्यात" असं मी म्हणणार नाही. त्यात बरंच काही ठेवलंय.

पण ती गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या वर होती. आज साडेनऊला मिळते म्हणून तू तिला साडेनऊ लाखांची गाडी समजतोयस. गाडीचा भाव बाजार ठरवतो, आणि तो दरवर्षी खाली येतो. पार्टचा भाव कंपनी ठरवते, आणि तो दरवर्षी वर जातो. तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे ब्रेक, यातल्या कुणालाच माहीत नसतं की मालक बदलला आणि नव्या मालकाचा पगार ५२ हजार आहे. चाळीस लाखांची गाडी घेणाऱ्याला दीड लाखाचं बिल टोचतं, पण तो ते भरतो. तुझे ते तीन महिन्यांचे पगार आहेत.

गेल्या मे महिन्यातलं सांगतो. त्रिमूर्तीनगरचा एक मुलगा, तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखीच गाडी. दुपारी तीनला फोन. "काका, गाडी गरम होऊन राहिली, लाल लाइट आला, पण घर चारच किलोमीटर आहे, नेऊ का?" मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता बंद कर, मी टोइंग पाठवतो." त्याने फोन ठेवला आणि घरी नेलीच. संध्याकाळी गाडी माझ्याकडे आली तेव्हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत पाणी नव्हतं, आणि ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ पिवळा साका. हा साका दिसला की आम्ही काही बोलत नाही, हात पुसतो. कूलंट ऑइलमध्ये गेलं, म्हणजे हेड गॅसकेट गेली, इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सील.

मूळ दोष काय होता? थर्मोस्टॅटचं घर, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेचं कवच. ते या इंजिनात प्लॅस्टिकचं असतं, मुठीएवढं. नागपुरात मेमध्ये बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. सात-आठ उन्हाळे काढले की ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं. माझ्या पोऱ्याने ते काढताना बोटाने दाबलं तर कड तुटून हातात आली. वेळेवर बदललं असतं तर मजुरीसकट १६-१७ हजारांत काम होतं. त्या चार किलोमीटरनंतर हेड वाकलं, ते उतरवून प्लेन करायला टाकावं लागलं, बाकीचे सील, बोल्ट, ऑइल, कूलंट धरून बिल झालं १ लाख ८५ हजार. एक सील मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. गाडी सहा आठवडे माझ्या शेडमध्ये, मुलगा बाबांच्या ॲक्टिव्हावर, आणि बँकेचा हप्ता दर पाच तारखेला बरोबर जात होता.

त्याच आठवड्यात एक हॅचबॅक याच तक्रारीने आली, गाडी तापते. वॉटर पंप गळत होता. पार्ट गावातच मिळाला, पोरगा जाऊन घेऊन आला, चार हजारांच्या आत बिल, संध्याकाळी मॅडम गाडी घेऊन गेल्या. ऊन दोघींना सारखंच लागलं होतं.

कंपनीने गाडी वाईट बनवली असं मी म्हणत नाही. ती बनवली आहे थंड गावासाठी, गुळगुळीत रस्त्यासाठी, आणि दर वर्षी अधिकृत वर्कशॉपला नेणाऱ्या मालकासाठी. पहिला मालक तसाच होता. चार वर्षांनी वॉरंटी संपली, मोठा खर्च समोर दिसायला लागला, आणि त्याने विकली. दुसऱ्याने ऑइल चेंज लांबवला. तिसरा मालक तू होणार आहेस. दोघांनी टाळलेली सगळी कामं तुझ्या नावावर लागणार.

आता हप्त्याकडे ये. नवी छोटी गाडी ऑन-रोड सात लाख धर. अडीच तू भरलेस, साडेचार लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता ९,४५० च्या आसपास. जुन्या गाडीला व्याज जास्त असतं, १३ टक्के धर, आणि गाडी आठ वर्षांची असल्याने लांब मुदत सहसा देत नाहीत. सात लाख तीन वर्षांसाठी म्हटले तर हप्ता बसतो २३,६०० च्या जवळ. पगारातला जवळपास निम्मा. त्यात पेट्रोल घालायचं अजून बाकी आहे.

पेट्रोलचं लोक सगळ्यात जास्त बोलतात, खरं तर तो लहान फरक आहे. महिन्याला ९०० किलोमीटर धरले, लिटरला १०४ रुपये धरले, तर मोठी गाडी शहरात नऊचं ॲव्हरेज देईल, म्हणजे साधारण १०,४०० रुपये. छोटी सतराचं देईल, साडेपाच हजार. महिन्याला पाच हजारांचा फरक. फक्त एक लक्षात ठेव: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यासाठी लागणारे रबर-पाइप एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत असतात. आठ वर्षांची गाडी त्याच्या आधीची आहे. तिचे फ्युएल पाइप आणि सील एकदा नीट बघावेच लागतात.

विम्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. थर्ड पार्टीचा दर सरकारी आहे: हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीच्या वर ७,८९७. हे चालून जाईल. खरी गोची पुढे आहे. गाडी जुनी झाली की झिरो डेप, म्हणजे पार्टच्या वयाचे पैसे न कापणारा विमा, मिळणं अवघड होतं, आणि झिरो डेप नसेल तर क्लेममध्ये प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मेच पैसे विमा देतो. या गाडीचं पुढचं अख्खं तोंड प्लॅस्टिकचं आहे. बंपर, ग्रिल, आतली झडप, सेन्सरचे ब्रॅकेट. सदरच्या सिग्नलला रिक्षाने हलकेच ठोकलं तरी तुझ्या खिशातून अर्धे जातात. पुढून कुणाला लागलं आणि हेडलाइट फुटला, तर एकाच दिव्याच्या किमतीत तुझ्या बाबांची आवडती गाडी वर्षभर चालेल.

चेंबरचंही, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचंही, तेच. या गाड्या जमिनीला टेकून चालतात. आपल्याकडे प्रत्येक कॉलनीने स्वतःच्या मापाचा गतिरोधक घातलेला, आणि सिमेंट रोडच्या कडेला पेव्हर ब्लॉक वर-खाली. पावसाळ्यात महिन्याला एक तरी गाडी चेंबर फोडून येते. छोट्या गाड्या क्वचितच येतात, त्या उंच आहेत.

आता टायर. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न इथेच आहे.

अशा बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते. एक टायर १५-२० हजारांचा, आणि तो कुठल्याही दुकानात लटकलेला नसतो. चार बदलायचे म्हणजे सत्तर हजार. पगार ५२ असलेला मुलगा काय करतो? दोन बदलतो, तेही पुढचे. किंवा साधे टायर टाकतो, स्वस्तातले. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. कंपनीने डब्ल्यू दिलेला असतो, आणि माझ्याकडे गाडी येते तेव्हा दोन डब्ल्यू, एक एच आणि एक टी. चार पायांत चार वेगवेगळे बूट घालून कुणी पळत नाही, पण गाडी पळवतात.

शिवाय वय. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुन्या भारी गाडीचे टायर नक्षी भरपूर असूनही सहा-सात वर्षांचे असतात, कारण गाडी फिरलेलीच कमी असते. वरून नवे दिसतात, पण रबर कडक झालेलं. असे टायर घेऊन पोरं समृद्धीवर जातात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सरळ काँक्रीट, कारला मर्यादा १२०. मे महिन्यात ते काँक्रीट तव्यासारखं तापतं, टायरमधल्या हवेचा दाब वाढतो, आणि ज्याच्या गाडीला जोर आहे तो १२० वर थांबत नाही. छोटी गाडी १०० च्या पुढे आवाज करायला लागते, हलते, सांगते तुला की बाबा बस. भारी गाडी १५० लाही गप्प असते. नव्या हाताला तो गप्पपणाच घातक. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि गाडीच्या आत बसून ते जाणवत नाही.

म्हणजे वेगवान गाडी धोक्याची का? नव्या टायरची, नव्या ब्रेक पॅडची वेगवान गाडी तशी नाही. तिचे ब्रेक छोट्या गाडीपेक्षा कितीतरी चांगले असतात. पण चारही डिस्क-पॅड बदलायचे ४५-५० हजार म्हटलं की माझ्यासमोर उभा असलेला पोट्टा विचारतो, "काका, अजून दोन महिने चालून जातील ना?" हे वाक्य मी छोट्या गाडीवाल्याकडून फार क्वचित ऐकलंय. त्याचं बिलच सहा-सात हजारांचं असतं, तो करून टाकतो.

मी स्वतःही हे केलेलं आहे. २००३ साली धंद्याचा जरा जम बसला होता, आणि मी एक जुनी इम्पोर्टेड दोन लिटरची सेडान घेतली, पावणेदोन लाखांत. मेकॅनिक मीच, मजुरी फुकट, मग घाबरायचं काय? टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, कधी बदललाय ते आधीच्या मालकाला माहीत नव्हतं. मलाही बदलायचा होता, पण बेल्टचा सेट दिल्लीहून मागवायला अकरा हजार लागत होते, आणि तेव्हा अकरा हजार म्हणजे दोन पोरांचा पगार. म्हटलं, दिवाळीनंतर. दसऱ्याच्या आधी अमरावती रोडला तो तुटला आणि सगळे व्हॉल्व्ह वाकले. ट्रकच्या मागे बांधून आणली. बायको शेजारी बसली होती, बाजारगावपासून वाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती गाडी शेवटी मी भंगारात वजनावर दिली. मजुरी फुकट असूनही मला ती परवडली नव्हती, हे मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही.

आता बाबांच्या बाजूने. छोटी म्हणजे सगळ्यात स्वस्त, असं मात्र करू नका. या मुद्द्यावर मी बाबांशीही भांडेन. खूप खपणाऱ्या काही छोट्या गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळालेला आहे. टाटा पंचला २०२१ मध्ये पाच मिळाले, नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच. बॉडीचा पत्रा, सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आधी बघा, टचस्क्रीन नंतर. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. त्यामुळे मधलं मॉडेल तुमच्या आवाक्यात येतं. आरटीओचा टॅक्स दहा लाखांच्या आत ११ टक्के लागतो, तो धरूनच ऑन-रोड किंमत विचारा. शोरूमवाला बोर्डावरचा आकडा सांगतो.

आणि मजेचं काय? एकदा छोटी गाडी घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढ. ऐंशी हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर. दुसरा की तिसरा, वळणाच्या आधी ठरवावं लागतं, चुकलास तर गाडी मरते. दोनशे हॉर्सपॉवरच्या ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबला की काम झालं, तुझ्या चुका गाडी झाकते. माझ्याकडे येणाऱ्यांतले जे खरंच चांगलं चालवतात, ते सगळे कमी ताकदीच्या गाडीवर शिकलेले आहेत. हे माझं मत आहे, वाद घालायचा तर शेडमध्ये ये.

भारी जुनी गाडी घे असं मी कुणाला सांगितलंय का? सांगितलंय. धंतोलीचे एक डॉक्टर, चाळिशीचे, घरात रोजची गाडी वेगळी, कर्ज शून्य. त्यांना मी एकच अट घातली: गाडी नवी असताना जी किंमत होती तिच्या पाच टक्के दर वर्षी बाजूला टाकायचे, खर्च होवो न होवो. चाळीस लाखांच्या गाडीला दोन लाख. तुझ्या हिशेबात हे महिन्याचे साडेसोळा हजार. हप्ता २३,६००, पेट्रोल १०,४००, हे साडेसोळा. बेरीज पन्नास हजार पाचशे. उरलेल्या दीड हजारात विमा भर, आणि महिन्यातून एकदा तर्री पोहे खा.

तीस-बत्तिसाव्या वर्षी, पगार दुप्पट झाल्यावर, छोटी गाडी फिटल्यावर, याच प्रश्नाला मी वेगळं उत्तर देईन. तेव्हाही अशा गाड्या बाजारात असतीलच. आज जी नवी शोरूममध्ये उभी आहे, तीच तुला तेव्हा चतुर्थांश किमतीत मिळेल.

एवढं वाचूनही मन तिथेच अडकलं असेल, तर निदान टोकन द्यायच्या आधी गाडी मला दाखव. ७८ हजारांवर माझा विश्वास नाही. दोन वर्षांपूर्वी एकाने अशीच गाडी आणली होती, मीटरवर ६९ हजार. सीट चकचकीत, पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. स्कॅनर लावला. या गाड्यांत एखादा दोष नोंदला गेला की त्या वेळचे किलोमीटरही काही मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, लिहिले जातात. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये एक जुना दोष निघाला, १ लाख २१ हजार किलोमीटरवर नोंदलेला. मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डवरचा आकडा कमी केला होता, गिअरबॉक्सला विचारायचं राहून गेलं. मुलाने स्क्रीनचा फोटो काढला आणि टोकन परत घेऊन आला.

रविवारी सकाळी आठला घेऊन ये. आरसी, विम्याची कॉपी आणि सर्व्हिसची सगळी बिलं बरोबर आण. डीलरला सांग, गाडी माझ्या शेडपर्यंत टोइंगवर यायला हवी, सकाळपासून कुणी स्टार्ट केलेली नको, गरम इंजिन दोष लपवतं. तो "जी, गरम करून ठेवतो, बॅटरी जरा डाऊन आहे" असं म्हणाला, तर येऊच नकोस, फोन करून कळव.